डावा स्पीकर आधी का गेला?

वाचकाचं पत्र:

"मी रत्नागिरीत राहतो. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून सेकंड हँड हार्ले स्ट्रीट ग्लाइड आणली. गाडी माझ्या हौसेची आणि गाणी बायकोच्या. रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जायचं, मागे बसून तिने जुनी गाणी लावायची, असा आमचा ठरलेला कार्यक्रम. पहिल्याच पावसाळ्यात कंपनीचा डावा स्पीकर घोगरा झाला आणि दसऱ्यापर्यंत बंद पडला. मग इथल्या एका दुकानातून त्याच मापाचे चारचाकीचे स्पीकर बसवून घेतले. नवे होते तेव्हा मूळच्यापेक्षा छान वाजायचे. या जुलैत पुन्हा डावाच गेला, आणि आता उजवाही खरखरतोय. दुकानदार म्हणतो, मागून प्लास्टिकची पिशवी बांधून सिलिकॉन मारून देतो, पाणी शिरणारच नाही. मित्र म्हणतो, आयपीएक्स ७ लिहिलेले घे, बुडवले तरी चालतात. बायको म्हणते, पुरे झालं, मोबाईल खिशात ठेवून वाजव. कोणाचं ऐकू? दोन्ही वेळा डावाच आधी का गेला? आणि हे जुने स्पीकर टाकून देऊ की त्यांचा काही उपयोग आहे?
– भिजलेला स्वार, रत्नागिरी"

उत्तर:

नमस्कार. डाव्याचा प्रश्न आधी घेतो. तुम्ही तो जाता जाता विचारलाय, पण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

उभी असताना तुमची गाडी डावीकडे कललेली असते. साइड स्टँड डावीकडे, आणि हँडलही बहुतेक डावीकडेच वळवून लॉक केलेलं. स्ट्रीट ग्लाइडचं फेअरिंग, म्हणजे हेडलाइटभोवतीचं पुढचं कवच, हँडलला धरून फिरतं, त्यामुळे तेही त्याच अंगावर झुकतं आणि आत शिरलेलं पाणी उताराने डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतं. गाडी चालू असताना पाऊस दोन्ही स्पीकरना सारखाच मिळतो. किंबहुना पुढे काच आणि फेअरिंगचं कवच असल्याने थेट मारा कमीच बसतो. गाडी उभी राहिली की तो आडोसा संपतो. स्पीकरच्या जाळ्या चालवणाऱ्याकडे तोंड करून असतात, त्यांच्यावर वरून पडलेलं पाणी कोनच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, वाटीत उतरतं आणि तिथेच मुरतं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावतो: तुमची गाडी अंगणात उघड्यावर किंवा पागोळ्यांच्या रेषेत उभी असते. माझ्या मते तुमचे स्पीकर आरे-वारेला भिजून गेलेले नाहीत. ते घरच्या दारात गेलेत.

खात्री करायची असेल तर मेलेला स्पीकर फाडून बघा, नाहीतरी तो कामातून गेलाच आहे. फाडण्याआधी दोन्ही अंगठे कोनवर समोरासमोर ठेवा आणि हलकेच आत दाबा. धडधाकट स्पीकर आवाज न करता आत जाऊन परत येतो. तुमचा रेतीत पाय फिरवल्यासारखा खरखरेल, नाहीतर जागचा हलणारच नाही. मग कडेच्या रबराखालून कटरचं पातं गोल फिरवा. खाली नालीदार पिवळट कापडाची चकती दिसेल, तिला स्पायडर म्हणतात, तीही कापा. कोन कॉइलसकट, म्हणजे त्याला हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीसकट, हातात येईल. कॉइल ज्या फटीत वरखाली करते ती फट बघा: दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटरसुद्धा जागा नसते. तेवढ्यात तुम्हाला लालसर चिखल वाळून बसलेला दिसेल. त्यातला काही भाग लोखंडाचा गंज, आणि काही एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या रस्त्यावर खाल्लेली धूळ. जूनच्या पहिल्या पाण्याने तिचा लगदा होतो, ऑक्टोबरच्या उन्हात तो घट्ट होतो आणि कॉइल त्यावर घासून घासून मरते. कॉइलची तार हिरवी पडलेली असेल तर तो तांब्यावर चढलेला खाऱ्या हवेचा थर.

हे सगळं हातात घेऊन बघितलं की दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळतं. कोन कशाचा आहे, हा पहिला प्रश्न. कागदी कोन हलका असतो, कोरड्यात गोडही वाजतो. तुमच्या चारचाकीच्या जोडीची नवी असतानाची गोडी बहुधा त्याचीच. पण साधा कागद दमट हवेत ओलावा पितो, मऊ पडतो, जड होतो. आपल्याला पॉलिप्रॉपिलीन किंवा तसलाच प्लास्टिकचा कोन हवा. दुसरा प्रश्न कडेच्या वळीचा. ती रबराची हवी, फोमची नको. फोम हाताला स्पंजसारखा लागतो, आणि कोकणात काही वर्षांत भिजलेल्या बिस्किटासारखा चुरगळतो. तिसरा प्रश्न सांगाड्याचा. पत्र्याच्या सांगाड्याला रंग कितीही चांगला असला तरी स्क्रू आवळताना भोकाशी ओरखडा पडतो आणि गंज तिथून सुरू होतो. प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा घ्या. जाळीचंही तेच.

स्पायडरबद्दल दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्याला माहीत नसतं. स्पीकर उलटा करून बॅटरीच्या उजेडात बघा. साध्या सुती कापडाच्या स्पायडरला दमट हवेत बुरशी धरते आणि तो सैल पडतो. मग कॉइल मधोमध राहत नाही. चांगल्या मरीन, म्हणजे होडीसाठी केलेल्या, स्पीकरच्या माहितीपत्रकात नोमेक्स किंवा कोनेक्स (ही कृत्रिम धाग्यांची नावं) असे शब्द आढळले तर समजा की बनवणाऱ्याने एवढा विचार केलाय.

मॅग्नेटचं जरा गमतीशीर आहे. लोकांना छोटा, हलका निओडिमियम मॅग्नेट भारी वाटतो, आणि फेअरिंगमध्ये जागा कमी असल्याने तो सोयीचाही पडतो. पण त्यावरचा निकेलचा मुलामा एकदा फुटला की तो आतून भुसा होत जातो. जुन्या पद्धतीचा काळा, जाड फेराइट मॅग्नेट मुळात आयर्न ऑक्साइड भाजून केलेला असतो, म्हणजे तो आधीच गंजलेला. त्याला आणखी काय गंज चढणार! त्याच्या खालीवर असलेल्या लोखंडी चकत्या मात्र गंजतात, म्हणून त्यांवर रंग किंवा मुलामा आहे का ते बघा. मॅग्नेटवर रबरी टोपी चढवलेली असली तर उत्तम. मागे मधोमध भोक असेल आणि त्यावर बारीक जाळीही नसेल, तर तो स्पीकर परत ठेवा. कॉइल थंड ठेवायला ते भोक असतं, पण चाकाने उडवलेलं पाणी आणि धूळ थेट फटीत पोचवायलाही तेच पुरतं.

आता तुमच्या मित्राकडे वळतो. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तरी नुकसान होईल इतकं पाणी आत जात नाही. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण तुम्ही गाडी खाडीत बुडवणार नाही आहात. गाडीवर पाणी येतं ते जोराने, धारेने, बाजूने. त्याची परीक्षा ५ आणि ६ या आकड्यांत आहे. ५ ला सव्वासहा मिलिमीटरच्या आसपासच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटरची धार सगळ्या बाजूंनी मारतात. ६ ला तोटी जवळजवळ दुप्पट रुंद असते आणि धार मिनिटाला १०० लिटरची. खाच अशी की बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेली वस्तू धारेच्या परीक्षेत पास होईलच असं नाही, त्या दोन निराळ्या परीक्षा आहेत. नुसता ७ लिहिलेला स्पीकर धारेसमोर कधी तपासलाच गेला नसेल. दोन्ही दिल्या असतील तर बनवणारा ६ आणि ७ दोन्ही आकडे छापतो. तुम्ही ५ किंवा ६ शोधा. आणि आयपीनंतर एक्सऐवजी आकडा असेल, म्हणजे ५६, ६५ किंवा ६६ असं काही, तर जास्त चांगलं, कारण तो पहिला आकडा धुळीचा असतो. जांभ्याची धूळ आपण आत्ताच फटीत बघितली.

तरी हे आकडे जपून वाचा. पुष्कळ मरीन स्पीकरांचा आकडा फक्त पुढच्या बाजूपुरता असतो, तोही गॅस्केट लावून नीट बसवला असेल तर. होडीत मागची बाजू बंद खणात असते, तिथे ते चालून जातं. तुमच्या फेअरिंगचा आतला भाग खालून उघडा आहे, पुढचं चाक तिथे पाणी फेकतं. तेव्हा माहितीपत्रकात "पुढची बाजू" असं लिहिलंय का ते बघाच. दुसरं, ही परीक्षा साध्या पाण्याने, नव्या वस्तूवर, थोडाच वेळ घेतात. मीठ, ऊन आणि वय यांबद्दल ती काहीच सांगत नाही.

मीठ हाच तुमच्याकडचा खरा शत्रू आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो खरा, पण आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरी दोन सारखेच स्पीकर दोन्ही गावांत ठेवले तर तुमच्याकडचा आधी जाईल असं मी म्हणेन. पावसाचं पाणी तुलनेने स्वच्छ असतं, वाळतं आणि जातं. खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ तिथेच राहतं आणि हवेतला ओलावा ओढून धातू सतत ओला ठेवतं, अगदी पाऊस नसतानाही. म्हणून आकड्यापेक्षा "मरीन" या शब्दामागे काय आहे ते विचारा. खऱ्या मरीन स्पीकरच्या कागदावर मिठाच्या धुक्याच्या परीक्षेचा उल्लेख असतो. बहुतेक ठिकाणी एएसटीएम बी ११७ असं त्या परीक्षेच्या मानकाचं नाव लिहितात, आणि पुढे किती तास टिकला ते. त्या परीक्षेत ३५ अंश तापमानाच्या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडून ठेवतात. जवळजवळ रत्नागिरीचा मे महिनाच म्हणा. उन्हाच्या परीक्षेचाही उल्लेख सापडला तर घेऊन टाका. नुसतं "वॉटरप्रूफ" छापलेल्या खोक्याला मी शून्य मार्क देतो.

नावं हवी असतील तर पोल्क, किकर, रॉकफोर्ड फॉसगेट, हर्ट्झ, जेबीएल या सगळ्यांच्या मरीन किंवा पॉवरस्पोर्ट (उघड्या गाड्यांसाठीच्या) म्हणून वेगळ्या मालिका आहेत. त्याच कंपनीचा चारचाकीचा स्पीकर त्याच नावाने शेजारच्या फळीवर असतो, गल्लत करू नका. फक्त हार्लेत बसतात म्हणून विकले जाणारे सगळे स्पीकरही खाऱ्या हवेसाठी केलेले नसतात. काहींचा भर निव्वळ मोठ्या आवाजावर असतो आणि कोन चक्क कागदी असतो.

दुकानदाराची पिशवी. हा जुगाड मी स्वतः केलाय, म्हणून अधिकाराने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या बाईकला लावलेल्या छोट्या स्पीकरची मागची बाजू मी पिशवी गुंडाळून सिलिकॉनने गच्च बंद केली होती. दोन महिन्यांत दोन्ही बंद पडले. उघडले तर आत घाम फुटल्यासारखे थेंब, आणि टर्मिनल हिरवीगार. त्याला दोन कारणं होती. उन्हात तापलेल्या बंद जागेवर एकदम पावसाची सर आली की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून ओलावा ओढून घेते. शिरायला केसाएवढी फट पुरते, पण त्याच वाटेने परत बाहेर पडणं काही जमत नाही. म्हणूनच चांगल्या बंद खोक्यांना हवा सोडणारी पण पाणी अडवणारी पातळ पडद्याची खिडकी ठेवतात. दुसरं कारण मला नंतर कळलं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो तो उगाच नाही, वाळताना ते ॲसेटिक ॲसिड सोडतं. ते तांब्याला खातं. मी पाणी अडवायला गेलो आणि आत ॲसिड कोंडून ठेवलं. सिलिकॉन लावायचंच असेल तर "न्यूट्रल क्युअर" लिहिलेलं, बिनवासाचं घ्या. पिशवी मात्र नकोच.

दुकानदार म्हणेल की चारचाकीच्या दारात काच खाली करताना पाणी येतंच, तिथे हेच स्पीकर कसे टिकतात? प्रश्न चांगला आहे. गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघा, बारीक भोकं लागतील. आलेलं पाणी तिथून निघून जातं. शिवाय दारातला स्पीकर उभा असतो, त्याच्यावर पाणी साचत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत मागे प्लास्टिकचा पडदा छपरासारखा असतो. तुमच्या फेअरिंगमध्येही हेच करायचं आहे. स्पीकर बसवताना डाव्या कोपऱ्यात सगळ्यात खाली पाणी कुठे साचतं ते बाटलीने थोडं पाणी ओतून शोधा. तिथे निघायची वाट आहे का बघा. असेल तर ती पानांनी किंवा मागच्या मिस्त्रीच्या सिलिकॉनने बुजलेली असेल, साफ करा. नसेल तर पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. आतल्या बाजूने वायरिंग कुठून गेलंय ते दोनदा बघून, मगच ड्रिल हातात घ्या.

मापाचं बोलायचं तर वर्षावर जाऊ नका, काढून मोजा. सेकंड हँड गाडीत आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते त्यालाच माहीत. व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि खोली ही तिन्ही मापं घ्या. खोली लोक विसरतात, आणि मग मॅग्नेट आतल्या वायरिंगच्या गठ्ठ्यावर टेकतो. मध्ये कडी घालावी लागली तर दुकानदार एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या फळीची, कापून देईल. ती एका पावसाळ्यात पोळीसारखी फुगते. स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा पाट विकत आणून त्यातून कडी कापून घ्या. फुगत नाही, सडत नाही, आणि जिगसॉने लोण्यासारखा कापला जातो. (नवीनच आणा. घरातला उचललात तर गाण्यांचा प्रश्न कायमचा मिटेल.)

फेअरिंगचं पुढचं कवच उघडायला आधी मेन फ्यूज काढा. पुढच्या मडगार्डवर जाड पंचा पसरा, कारण शेवटचा स्क्रू सुटला की कवच सरळ त्यावर येतं आणि रंगाला टवका जातो. कवच हातात आल्यावर ओढू नका, हेडलाइटची वायर अजून जोडलेली असते. ती आधी सोडवा. हे काम दोन माणसांनी करावं, तुमची गाणीवाली आहेच.

वायरिंगवर मी नेहमी जास्त वेळ घालवतो, कारण अर्ध्या वेळा स्पीकर ठणठणीत असतो आणि मेलेला असतो तो सांधा. वायरचं टोक सोला. तांब्याचा रंग उघडा दिसत असेल तर ती साधी वायर. खाऱ्या हवेत तिचं तांबं आवरणाच्या आत, टोकापासून बरंच लांबपर्यंत काळं पडत जातं, आणि मग सोल्डरही धरत नाही. मरीन वायरच्या प्रत्येक धाग्याला कल्हई केलेली असते, ती चांदीसारखी दिसते. स्पीकरपासून मूळ प्लगपर्यंत हात-दोन हात लागेल, तेवढी चांगलीच घ्या. सांध्यावर साधी काळी टेप नको. तिचा गोंद उन्हात वितळून चिकट राळ होते आणि टेप उलगडते. आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी मिळते, गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक ओघळ दिसला की समजावं सांधा बंद झाला. प्लग रबरी सील असलेला घ्या, टर्मिनलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा बोट फिरवल्याएवढा थर द्या. वायर स्पीकरपर्यंत नेताना तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून आलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल आणि टर्मिनलपर्यंत चढणार नाही. वीजवाले घराच्या सर्व्हिस वायरला हाच झोळ देतात.

जोडताना प्लस-मायनस उलट झालं तर स्पीकर वाजतात, पण दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि आवाज पोकळ होतो. दीड व्होल्टचा साधा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा. कोन बाहेर उसळला तर सेलचं प्लस जिथे आहे ते स्पीकरचं प्लस.

ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, जुळवणं चुकवू नका. मूळच्या जोडीतला उजवा तुमच्याकडे पडून असेल. मल्टिमीटर ओहमवर ठेवून टर्मिनलला लावा. दोनच्या आत आकडा आला तर तो दोन ओहमचा, तीनच्या थोडा वर आला तर चार ओहमचा. जो असेल तोच घ्या. मूळ चार ओहम असताना दोनचा लावला तर आवाज वाढतो, म्हणून दुकानदार खूश करून पाठवतो, पण रेडिओतला अ‍ॅम्प तापत राहतो. तो गेला तर स्पीकरचं दुःख विसराल.

वॉटच्या जाहिरातीत पैसे घालू नका. गाडीच्या १४.४ व्होल्टवर, व्होल्टेज चढवणारा वेगळा अ‍ॅम्प नसेल तर, चार ओहमच्या स्पीकरला एका चॅनेलमधून सव्वीस वॉटच्या आसपासच स्वच्छ ताकद जाऊ शकते, तीही कागदावर. मग खोक्यावरचे ३०० वॉट काय कामाचे? त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, आकडा बघा, डेसिबलमध्ये दिलेला असतो. तीन डेसिबल जास्त म्हणजे अ‍ॅम्प दुप्पट ताकदीचा केल्यासारखं. नव्वदच्या खाली घेऊ नका, ९२-९३ मिळाला तर छान. एक चलाखी लक्षात असू द्या: हा आकडा एक वॉटवर मोजलेला हवा. काही जण २.८३ व्होल्टवर मोजतात. दोन ओहमच्या स्पीकरला त्या व्होल्टेजवर चार वॉट जातात आणि आकडा फुकटात सहा डेसिबलने फुगतो.

बासचा नाद सोडा. साठ-सत्तरच्या वेगात वारा आधी बासच खातो. कानापर्यंत पोचतो तो मधला पट्टा, आणि जुन्या गाण्यांत गळा, बासरी, सतार, सगळं त्याच पट्ट्यात आहे. तुमच्या बायकोची आवड या बाबतीत गाडीला अगदी सोयीची आहे. तरी खरं सांगायचं तर भर पावसात, दोघांनीही पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घातलेलं असताना, मागे बसणारीला समोरच्या स्पीकरचं फार काही ऐकू येत नाही. खिशातल्या मोबाईलचं तर त्याहून नाही. त्या दिवसांसाठी तिच्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथचा छोटा संच बसवून द्या आणि फेअरिंगचे स्पीकर उघडिपीसाठी राहू द्या. असा मध्य काढलात तर तिचं म्हणणंही राहील.

बसवून झाल्यावर चार-दोन सवयी. रात्री गाडी झाका, पण कव्हर जमिनीपर्यंत घट्ट बांधू नका, खालून वारा खेळू द्या. ओल्या गाडीवर तर कव्हर मुळीच घालू नका. जमल्यास हँडल उजवीकडे वळवून लॉक करून बघा, निदान एका पावसाळ्यापुरता प्रयोग म्हणून, आणि मला कळवा. आरे-वारेहून आल्यावर साध्या पाण्याने भिजवून पिळलेल्या फडक्याने जाळ्या पुसा, मीठ तेवढ्याने निघतं. वॉशिंग सेंटरला देताना प्रेशरची धार जाळ्यांवर मारायची नाही असं पोराला तोंडाने सांगा आणि तिथेच उभे राहा. ती धार जवळून मारली तर ६ च्या आकड्यालाही भारी पडते. पावसात भिजून घरी आलात की पाच-दहा मिनिटं मध्यम आवाजात गाणी वाजत राहू द्या. कॉइल किंचित तापते, कोन हलत राहतो, आतलं पाणी सुटायला मदत होते.

राहिले जुने स्पीकर. मूळचा उजवा वाजत असेल तर त्याला लाकडी खोक्यात घालून स्वयंपाकघरात लावा, कोरड्यात तो अजून पुष्कळ वर्षं गाईल. मेलेल्यांपैकी एकाचा मॅग्नेट सांगाड्यापासून सोडवून ठेवा. फेअरिंग उघडताना एखादा स्क्रू आत सांडतोच, तो शोधायला मॅग्नेट कामी येईल. नवे स्क्रू स्टेनलेसचे घ्याल, समुद्राकाठी ३१६ ग्रेडचे मिळाले तर तेच घ्या. दुकानदाराने ३१६ म्हणून दिलेला स्क्रू घरी आणण्याआधी या मॅग्नेटला लावून बघा. अगदी हलकं ओढलं गेलं तर हरकत नाही, पण टक्कन चिकटून लटकला तर तिथेच काउंटरवर परत ठेवा.